व्यायामाचीही मात्रा लिहिली पाहिजे

आपल्यापैकी ज्यांचे चिकित्सालय तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी आहे, त्यांना रुग्णांच्या रांगेतील एक बदल निश्चितच जाणवला असेल. पूर्वी अंसशूल आणि कटीशूल घेऊन येणारा रुग्ण बहुधा चाळिशीपुढचा असे. तो शेतकरी असे, हमाल असे, किंवा दिवसभर खुर्चीत बसणारा कारकून असे. आता त्याच बाकावर विशी-पंचविशीतला, भरल्या दंडाचा तरुण येऊन बसतो. बेंच प्रेस करताना खांद्यात कळ आली, डेडलिफ्ट मारताना कंबर धरली, अशी त्याची तक्रार असते. पुष्कळदा दोन्ही गोष्टी एकाच वेळी असतात. आधी खांदा दुखावतो, तो सांभाळण्याच्या नादात तरुण पायांच्या आणि पाठीच्या व्यायामांवर अधिक भार टाकतो आणि मग कंबरही जाते.

अशा रुग्णाला आपण काय देतो? योगराज किंवा त्रयोदशांग गुग्गुळ, रास्नासप्तक क्वाथ, बाहेरून महानारायण तेल, वर नाडीस्वेद. चिकित्सा उत्तमच आहे. परंतु उठता उठता आपण एक वाक्य उच्चारतो, ‘तीन महिने व्यायाम पूर्ण बंद.’ हे वाक्य मीही वर्षानुवर्षे उच्चारत आलो. ते सांगताना आपण रुग्णाची परीक्षा केलेली नसते, मात्रा ठरवलेली नसते आणि अवधीही विचारपूर्वक नेमलेला नसतो. औषधाच्या बाबतीत एवढा ढिलेपणा आपण स्वतःला कधीच क्षम्य मानला नसता. व्यायामाच्या बाबतीत मात्र तो आपल्या अंगवळणी पडला आहे. त्याविषयी चार शब्द मोकळेपणाने लिहावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एका रुग्णाने शिकवलेला धडा

काही वर्षांपूर्वी पोलीस भरतीची तयारी करणारा एक तरुण माझ्याकडे आला. उजवा खांदा दुखत होता. हात बाजूने वर नेताना साधारण खांद्याच्या पातळीच्या आसपास कळ येई, पुढे गेल्यावर ती कमी होई. रात्री त्या कुशीवर झोपवत नसे. मी अपबाहुकाची पूर्वावस्था समजून औषधे दिली, तेल दिले आणि ठरलेले वाक्य उच्चारले. तो म्हणाला, ‘‘डॉक्टर, मैदानी चाचणी अडीच महिन्यांवर आहे. गोळाफेक आहे, धावणं आहे. पुढच्या भरतीला माझं वय बसणार नाही.’’ मी त्याला आरोग्य महत्त्वाचे की नोकरी, असा उपदेश केला. तो मान डोलावून निघून गेला आणि परत आला नाही.

चार महिन्यांनी त्याचे वडील त्याला आधार देत घेऊन आले. मधल्या काळात त्याने कोणाच्या तरी सांगण्यावरून वेदनाशामक गोळ्या सुरू ठेवल्या होत्या. खांदा दुखतो म्हणून वरच्या अंगाचे व्यायाम सोडून ‘ताकद टिकावी’ यासाठी जमिनीवरून जड वजन उचलण्याचा सपाटा लावला होता. गोळीमुळे कंबरेने दिलेली सूचना त्याच्यापर्यंत पोहोचली नाही. एके दिवशी डाव्या पायात घोट्यापर्यंत वेदना उतरली आणि चाचणीच्या दिवशी तो अंथरुणावर होता. वडिलांनी मला दोष दिला नाही. ते एवढेच म्हणाले, ‘‘काय करायचं नाही ते तुम्ही सांगितलंत. पण पोरानं करायचं काय, ते कुणीच सांगितलं नाही.’’

गृध्रसी बरी झाली. बस्ति, स्वेदन आणि क्रमाने वाढवलेले चालणे यांनी तो तीन-साडेतीन महिन्यांत उभा राहिला. पण गेलेली संधी मी त्याला परत देऊ शकलो नाही. त्या अडीच महिन्यांत गोळा फेकणे त्याला जमलेच असते, असा दावा मी करणार नाही. मात्र पायांची ताकद, धावण्याचा दम आणि डाव्या हाताचा व्यायाम यांवर माझी बंदी अकारण होती, हे मला मान्य केले पाहिजे. त्या अकारण बंदीमुळेच माझ्या सकारण बंदीवरचाही त्याचा विश्वास उडाला.

तालमीतील पद्धत

माझे लहानपण पंचगंगेच्या काठच्या एका गावात गेले. तेथील तालमीत मी काही वर्षे जोर-बैठका मारल्या आहेत. पैलवानाचा खांदा उखळला किंवा मनगट मुरगळले, तर आमचे वस्ताद त्याला घरी बसू देत नसत. हात गळ्यात बांधून तो पहाटे हजर असे. त्याच्या बैठका चालू असत, मोकळे चालणे चालू असे आणि बाकीच्यांचे जोर मोजण्याचे काम त्याच्याकडे येई. जोर आणि लढत मात्र पूर्ण बंद. हात उघडल्यावर पहिले काही दिवस भिंतीला टेकून जोर, मग उंच ओट्यावर हात टेकून, मग जमिनीवर. मातीत उतरणे सर्वांत शेवटी. ‘तालीम चुकवायची नाही, दुखरा हात चुकवायचा,’ असे ते म्हणत.

वस्तादांनी संहिता वाचल्या नव्हत्या. तरीही त्यांच्या व्यवहारात जो क्रम होता, तो आपल्या संहितांमध्ये आहे आणि आपण तो वाचूनही वापरत नाही.

संहितांचा आधार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या, म्हणजे नवेगान्धारणीय अध्यायात व्यायामाचे लक्षण, त्याचे गुण आणि अतिव्यायामाचे दोष सांगितले आहेत. शरीराला स्थैर्य देणारी आणि बल वाढवणारी ही चेष्टा मात्रेने करावी, असे आचार्यांचे स्पष्ट मत आहे. मात्रा हा शब्द व्याख्येतच आला आहे, ही गोष्ट आपण सहज ओलांडून जातो. ज्या द्रव्याला मात्रा आहे ते लिहून द्यावे लागते. ‘गुग्गुळ घ्या’ असे आपण मोघम सांगत नाही, किती, केव्हा आणि कोणत्या अनुपानाबरोबर ते सांगतो. व्यायामालाही हाच नियम लागू व्हायला हवा.

त्याच अध्यायात, व्यायामाच्या विवेचनानंतर थोड्याच अंतरावर, पादांशिक क्रम येतो. सवयीचे झालेले अहितकर सोडायचे आणि हितकर स्वीकारायचे, तर ते एकदम न करता अंशाअंशाने करावे आणि मधे एक, दोन, तीन दिवसांचे अंतर ठेवीत जावे, असा तो उपदेश आहे. पाद म्हणजे चतुर्थांश की त्याहून लहान अंश, याविषयी टीकाकारांत मतभेद आहेत. तत्त्वाविषयी मतभेद नाही. आपण हा क्रम चहा, तंबाखू किंवा दिवसाची झोप सोडवताना आठवणीने वापरतो. रोज दीड तास वजने उचलणाऱ्या तरुणाला एका वाक्यात निश्चल करताना मात्र तो विसरतो.

व्यायामाची मर्यादा सुश्रुतांनी चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात आणि वाग्भटांनी दिनचर्येत अर्धशक्ती या शब्दाने सांगितली. श्वास तोंडाने घ्यावा लागणे हे सुश्रुतांनी त्याचे लक्षण दिले. कपाळ, नाक, काखा आणि सांधे यांवर घाम येणे, तोंडाला कोरड पडणे ही लक्षणे टीकाकारांनी जोडली. वाग्भटांनी तर बलवान आणि स्निग्धभोजी माणसालाही थंडीत व वसंतातच अर्ध्या शक्तीने व्यायाम सांगितला, इतर ऋतूंत त्याहून कमी. आजच्या व्यायामशाळेत ‘शेवटचे एक आवर्तन निघेनासे होईपर्यंत’ वजन उचलण्याची जी चढाओढ असते, ती या मर्यादेच्या पलीकडची आहे. हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा वाग्भटांनी अशाच माणसासाठी योजली आहे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. वात आणि पित्ताच्या रोग्याने व्यायाम टाळावा, असे वाग्भट म्हणतात. अंसशूल आणि कटीशूल हे वाताचेच विकार आहेत, मग व्यायाम कसा द्यावा? माझे उत्तर असे आहे. तीव्र अवस्थेत या निषेधाचे पालन झालेच पाहिजे, त्या काळात दुखऱ्या भागाला व्यायाम नाही. परंतु निरोगी माणसाने बलवृद्धीसाठी करावयाचा व्यायाम आणि रोग्याला चिकित्सा म्हणून नेमून दिलेली चेष्टा यांत आचार्यांनीच भेद केला आहे. ऊरुस्तंभाच्या चिकित्सेत चरकांनी वाळू-खड्यांच्या जागेवर चालणे आणि प्रवाहाविरुद्ध पोहणे सांगितले आहे. तेथे कफ, मेद आणि आम यांचे आवरण आहे, म्हणून ती चिकित्सा आपल्या विषयाला जशीच्या तशी लागू करता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण व्यायाम हा औषधासारखा रोग्याला नेमून देता येतो, याचा तो निःसंदिग्ध पुरावा आहे.

आधुनिक संशोधन काय सांगते

पाश्चात्त्य वैद्यकही एके काळी पाठदुखीला दीर्घ विश्रांती सांगत असे. १९८६ मध्ये अमेरिकेत डेयो आणि सहकाऱ्यांनी तीव्र कटीशूलाच्या रुग्णांत दोन दिवसांच्या आणि सात दिवसांच्या अंथरुणातील विश्रांतीची तुलना केली. दोन दिवस सांगितलेल्या गटाचे कामाचे दिवस कमी बुडाले आणि बाकी लाभ सारखाच दिसला. १९९५ मध्ये हेलसिंकी येथील अभ्यासात मालमिवारा आणि सहकाऱ्यांना आढळले, की झेपेल तेवढे नित्याचे व्यवहार चालू ठेवणारे रुग्ण विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा लवकर बरे झाले. तीव्र अवस्थेतच पाठीचे खास व्यायाम करणाऱ्या गटापेक्षाही त्यांची प्रगती चांगली होती. म्हणजे पहिल्या दिवसांत अतिविश्रांती जशी नको तशीच अतिउत्साही व्यायामाचीही घाई नको. वस्तादांच्या पद्धतीशी हे जुळते.

दुसरी गोष्ट एम.आर.आय.च्या अहवालाविषयी. पंचविशीचा मुलगा अहवाल टेबलावर ठेवतो आणि ‘माझी गादी सरकली आहे’ असे म्हणतो, तेव्हा त्याचा चेहरा पाहावा. १९९४ मध्ये जेन्सन आणि सहकाऱ्यांनी पाठदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींची अशी तपासणी केली. त्यांपैकी ५२ टक्के लोकांच्या किमान एका मणक्याजवळील गादीला फुगवटा आढळला. अहवालाला रुग्णाच्या लक्षणांची आणि आपल्या परीक्षेची जोड नसेल, तर तो केवळ भय निर्माण करतो. भयाने आखडलेला माणूस नीट चालतही नाही.

तिसरी गोष्ट फारशी प्रचलित नाही, पण उपयुक्त आहे. एका बाजूच्या हाताला व्यायाम दिला असता दुसऱ्या बाजूची शक्तीही काही अंशी वाढते, हे येल विद्यापीठात स्क्रिप्चर यांनी १८९४ मध्येच दाखवले होते. उजवा खांदा दुखावलेल्या तरुणाने डाव्या हाताचा व्यायाम चालू ठेवणे हा निव्वळ मनाला विरंगुळा नाही, त्याचा दुखऱ्या बाजूलाही लाभ मिळतो.

खांद्यासाठी काय बदलावे

खांद्याचा सांधा उथळ आहे. त्याचे स्थैर्य अस्थींपेक्षा स्नायू आणि कंडरांवर अवलंबून आहे. सुश्रुतांनी अंस हे स्नायुमर्म मानले आणि त्याच्या आघाताने बाहू स्तब्ध होतो असे सांगितले, त्यामागील निरीक्षण किती सूक्ष्म होते हे येथे लक्षात येते. हात वर जाताना बाहूचे डोके आणि वरचे हाड यांच्यामधील कंडरेवर भार येतो. ती दुखावलेली असताना काही प्रकार तूर्त वगळावेत. मानेमागे दांडा नेऊन वर ढकलणे, मानेमागे पुली ओढणे, दांडा हनुवटीपर्यंत उभा ओढणे, समांतर दांड्यांवर खोल डिप्स मारणे आणि रुंद पकडीने दांडा छातीला टेकवणे हे ते प्रकार होत.

त्यांच्या जागी काय द्यावे? जमिनीवर उताणे झोपून डंबेल वर ढकलणे हा मला सर्वांत सोयीचा पर्याय वाटतो. कोपर जमिनीला टेकते, त्यामुळे ते धडाच्या मागे जात नाही आणि सांध्याच्या पुढील भागावरचा ताण आपोआप मर्यादित राहतो. तळवे एकमेकांकडे असावेत आणि कोपरे धडापासून फार फाकलेली नसावीत. ढकलण्याच्या एका प्रकाराबरोबर ओढण्याचे दोन प्रकार असावेत, कारण आरशात दिसणारी छाती वाढवण्याच्या नादात अंसफलकाला धरून ठेवणारे पाठीचे स्नायू बहुतेक तरुणांनी उपेक्षिलेले असतात. कोपर कुशीला लावून रबरी पट्टा बाहेरच्या बाजूला हळूहळू ताणणे आणि भिंतीला हात लावून वर सरकवणे, हे दोन साधे प्रकार रोज करावेत. एक गोष्ट सहसा कोणी विचारात घेत नाही. दांडा मानेवर ठेवून बैठका मारताना दांडा धरण्यासाठी खांदा मागे पिळला जातो. ‘मी फक्त पायांचा व्यायाम करतो, तरी खांदा का दुखतो?’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा तेथे असते. एक डंबेल छातीजवळ उभा धरून बैठका मारल्या, की हा त्रास टळतो.

कंबरेसाठी काय बदलावे

कंबर वाकलेली असताना पेललेले वजन हा कटीशूलाच्या रुग्णाचा मुख्य शत्रू आहे. जमिनीवरून डेडलिफ्ट, पुढे वाकून दांडा ओढणे, झोपून पूर्ण उठण्याच्या बैठका, आणि लेगप्रेसवर गुडघे छातीपर्यंत आणून कंबर गादीवरून उचलली जाणे, हे सर्व वेदना शांत होईपर्यंत थांबवावे. त्याऐवजी छाती कलत्या बाकाला टेकवून डंबेल ओढावेत, म्हणजे पाठीचा वरचा भाग काम करतो आणि कंबर मोकळी राहते. पायांसाठी एक पाय पुढे घेऊन हलक्या वजनाने बैठका द्याव्यात. वजन उचलण्याची मूळ लकब सुधारण्यासाठी साधी काठी पुरते. काठी डोके, पाठ आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी टेकलेली ठेवून केवळ नितंबसंधीतून पुढे झुकण्याचा सराव करवावा. काठी एका ठिकाणी जरी सुटली, तरी कंबर वाकली हे रुग्णाला स्वतःलाच कळते.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांनी पाठीच्या स्थैर्यासाठी सुचवलेले तीन प्रकार आपल्या रुग्णांना सहज जमतात. एक गुडघा वाकवून डोके-खांदे किंचित उचलणे, कुशीवर कोपर टेकून धड उचलून धरणे, आणि चतुष्पाद स्थितीत विरुद्ध हात-पाय लांबवणे. प्रत्येक स्थिती आठ-दहा सेकंद धरावी, दम लागेपर्यंत ताणू नये. त्यांच्या जोडीला सपाट रस्त्यावरचे चालणे ठेवावे.

वेळेविषयीही एक सूचना. रात्रभर झोपेत मणक्यांमधील गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्याबरोबर वाकताना त्यांच्यावरचा ताण अधिक असतो. १९९८ मध्ये अमेरिकेत स्नूक आणि सहकाऱ्यांनी जुनाट कटीशूलाच्या रुग्णांना सकाळच्या प्रहरी कंबरेतून वाकणे टाळण्यास सांगितले आणि वेदनेचे प्रमाण घटलेले आढळले. पहाटे पाचला उठून साडेपाचला वजनाखाली वाकणाऱ्या तरुणाला एवढे तरी सांगावे, की आधी तासभर चालणे-फिरणे होऊ द्या.

खांदा आणि कंबर दोन्ही दुखावलेली असतील, तर एकाचा उपाय दुसऱ्याचा अपाय होऊ शकतो. खांद्यासाठी सुचवलेले उभ्याने ढकलण्याचे प्रकार कंबरेवर भार टाकतात. बाकावर झोपून कंबरेची कमान करून ढकलणे कंबरेलाही सोसत नाही आणि खांद्यालाही नाही. अशा वेळी जमिनीवरचे डंबेल, छातीला आधार असलेले ओढणे, हलक्या बैठका आणि चालणे, एवढ्या चार गोष्टींवर महिनाभर समाधान मानावे. साध्या गावातील व्यायामशाळेतही एवढी साधने असतात.

मात्रा कशी लिहावी

माझी पद्धत अशी आहे. पहिले दोन-तीन दिवस दुखऱ्या भागाला विश्रांती आणि नित्याच्या हालचाली चालू. नंतर बदललेल्या प्रकारांत नेहमीच्या वजनाच्या चतुर्थांशापासून आरंभ. वेदना शून्य ते दहा या मापाने विचारावी. व्यायामात ती तीनच्या पुढे जाऊ नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत व्हावी. तसे झाले तर पुढचा पाद, न झाले तर मागचा. प्रत्येक वाढीनंतर एक, मग दोन, मग तीन दिवस त्याच मात्रेवर थांबावे. अर्धशक्तीची लक्षणे दिसली की त्या दिवसाचा व्यायाम संपला. हे सर्व मी औषधाच्या चिठ्ठीवरच लिहितो, कारण चिठ्ठीवर लिहिलेल्या गोष्टीला रुग्ण औषधाइतका मान देतो.

औषधयोजना याच्या जोडीने चालते. वाग्भटांच्या क्रमात अभ्यंग व्यायामापूर्वी आणि मर्दन व्यायामानंतर आहे. त्याप्रमाणे आधी थोडे कोमट तेल दुखऱ्या भागी आणि नंतर सुखकर मर्दन सांगावे. तळहात मात्र कोरडे पुसून घ्यायला सांगावे. तेलकट हातातून डंबेल निसटलेला मी पाहिला आहे. अपबाहुकात नस्य आणि कटीशूलात बस्ति यांचे स्थान अबाधितच आहे. व्यायामाची मात्रा त्यांची जागा घेत नाही, त्यांनी मिळवलेला लाभ टिकवते.

‘हे काम फिजिओथेरपिस्टचे आहे,’ असे काही मित्र म्हणतील. जेथे तज्ज्ञ उपलब्ध आहे तेथे रुग्णाला अवश्य पाठवावे, मीही पाठवतो. पण अनेक गावांत तो उपलब्ध नाही आणि व्यायाम बंद करण्याचा आदेश मात्र आपण देतच आहोत. ज्याला बंद करण्याचा अधिकार वाटतो, त्याने सुरू कसे करावे हे शिकण्याची जबाबदारीही घेतली पाहिजे.

कोठे थांबावे

काही लक्षणे दिसताच व्यायाम आणि तेल दोन्ही बाजूला ठेवून रुग्णाला तातडीने रुग्णालयात पाठवावे. कटीशूलाबरोबर मूत्र किंवा मल यांवरचा ताबा जाणे अथवा अवरोध होणे, बैठकीची जागा बधिर होणे, पायाची शक्ती वाढत्या प्रमाणात कमी होणे, ज्वर, अकारण वजन घटणे, रात्री वाढणारी वेदना, पूर्वीच्या कर्करोगाचा इतिहास. खांद्याच्या बाबतीत पडल्यानंतर हात उचलताच न येणे आणि सांध्याचा आकार बदलणे. श्रमाने वाढणारा, घाम आणि धाप यांसह येणारा डाव्या खांद्याचा शूल व्यायामाने आला असे रुग्ण म्हणाला, तरी हृदय तपासल्याशिवाय त्याला गुग्गुळ देऊ नये. खांदा हळूहळू आखडत असेल, तर प्रमेहाची तपासणी करावी, कारण मधुमेही व्यक्तींत हा विकार अधिक आढळतो.

औषधालय-चालकांना विनंती

व्यायामशाळेतील तरुण वैद्याकडे येण्याआधी आपल्या काउंटरवर येतो. ‘खांदा दुखतोय, काहीतरी द्या,’ एवढेच तो म्हणतो. त्या वेळी दोन प्रश्न विचारावेत: दुखणे कधीपासून आहे, आणि औषध घेऊन आज पुन्हा वजन उचलणार आहात काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तर वेदना झाकणारे कोणतेही औषध त्याला अपायच करील. माझ्या त्या तरुणाची कहाणी तेथूनच बिघडली.

कुचल्याचे कल्प विशेष जपून द्यावेत. कुचला औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये आहे आणि वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना वेष्टनावर असते. ती सूचना वाचून दाखवण्याचे श्रम आपण घ्यावेत. आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात नसेल. कुचल्यातील स्ट्रिक्नीन हे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत आहे. स्पर्धेत उतरणाऱ्या मल्लाला, धावपटूला किंवा भारोत्तोलकाला विषतिंदुक वटी सहज दिली, तर त्याची कारकीर्द धोक्यात येऊ शकते. म्हणून ‘स्पर्धेत भाग घेता काय?’ हा प्रश्न वैद्य आणि औषधालय-चालक या दोघांनीही विचारायला हवा.

वेष्टनावर घटक, उत्पादकाचे नाव आणि परवाना क्रमांक नसलेली ‘एका पुडीत आराम’ देणारी चूर्णे तर दुकानात ठेवूच नयेत. वातविकाराच्या औषधाने काही तासांत चमत्कारिक आराम मिळत असेल, तर त्यात स्टेरॉइडची भेसळ असण्याची शंका घ्यावी. त्या पुडीचे पाप शेवटी संपूर्ण आयुर्वेदाच्या माथी येते.

शेवटी

आपल्या संघटनेने दोन गोष्टी कराव्यात, असे मला वाटते. पहिली, रुग्णपत्रकात आहार आणि विहार यांच्याखाली ‘व्यायाम-मात्रा’ असा स्वतंत्र रकाना घालावा: काय थांबवले, त्याऐवजी काय दिले, कोणत्या पादावर आहे. दुसरी, अशा रुग्णांच्या नोंदी सभासदांनी याच त्रैमासिकाकडे पाठवाव्यात, यशाच्या जशा तशाच अपयशाच्याही. मी माझ्या अपयशाने सुरुवात केली आहे.

तो तरुण आता आमच्याच गावात मुलांना व्यायाम शिकवतो. दुखणे घेऊन आलेल्या मुलाला तो माझ्याकडे पाठवतो आणि सोबत एक कागदही देतो. मुलगा कोणते प्रकार करतो आणि किती वजनाने, ते त्यावर लिहिलेले असते. त्या कागदाच्या पाठीमागे मी नवी मात्रा लिहून तो परत पाठवतो. अजून तरी त्यांतला कोणी अंथरुणाला खिळून परत आलेला नाही. इत्यलम्.